खोटं काडतूस

"आधी खांदा बघू."

आब्बांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. गिऱ्हाईक पायरी चढून बंदूक टेबलावर ठेवायचं, आणि आब्बा बंदुकीकडे बघायचेच नाहीत. सदऱ्याची वरची दोन बटणं काढायला लावायचे, गळ्याच्या हाडाखाली जो खळगा असतो त्यात अंगठा दाबायचे आणि माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचे. कुणी ओठ चावायचं, कुणी उगाच हसायचं. मग आब्बा हात धुवून म्हणायचे, "हं. आता आण तुझी बंदूक."

आम्ही शिकलगार. आजोबांनी विळ्या-कोयत्यांना धार लावली, आब्बांनी बंदुका दुरुस्त केल्या. घाटमाथ्यावरच्या आमच्या त्या छोट्या गावात परवान्याचं दुकान आमचं एकच. आब्बा गेले आणि बरेच खेटे घालून परवाना माझ्या नावावर चढला. हत्यारं आली, लोखंड आवळून धरायचा शिकंजा आला, भिंतीवरच्या कानशी आल्या. अंगठा मात्र आला नाही. परक्या पुरुषाला मी सदऱ्याची बटणं काढ म्हणून कसं सांगणार?

म्हणून मी माझी एक वाट काढली होती. मी विचारायची, "कुठल्या कुशीवर निजता?" उजवा खांदा दुखरा असला की माणूस डाव्या कुशीवर निजतो. पहिल्या गिऱ्हाइकानं हे ऐकलं, कानापर्यंत लाल झाला, बंदूक उचलली आणि निघून गेला. त्यानंतरचे पायरीच चढले नाहीत. शेजारच्या तालुक्यात जाऊ लागले. चौदा महिने मी कुलपं दुरुस्त केली आणि कात्र्यांना धार लावली.

आणि पौषात एका सकाळी रवळूमामा आले.

रवळूमामा देसाई म्हणजे आब्बांचं जुनं गिऱ्हाईक. नदीकाठच्या गावात त्यांचा ऊस. राखणीच्या परवान्याची रायफल, आणि पंचक्रोशीत नेमबाज म्हणून नाव. त्यांच्याबरोबर त्यांचे चुलतभाऊ गुंडूकाका. गुंडूकाकांच्या हातात कधी बंदूक नसायची, रिकामा तेलाचा डबा असायचा. मामा नेम धरून बसायचे आणि काका उसातून डबा वाजवत जनावर बाहेर काढायचे. वीस वर्षांची जोडी होती ती.

मामांनी गोणपाट सोडलं. डाव्या हातानं. मी ते बघितलं, पण तेव्हा त्यावर विचार केला नाही.

"हे बघ, जैनू. लाकडाचा दस्ता मानेतनं चिरला. पोरानं पुण्यासनं ह्यो प्लॅस्टिकचा धाडला. बसवला खरा, पण बंदूक बंदूकच वाटंना."

"चपलाच्या दुकानातली वाटतीया," काका म्हणाले. "वाजवून बघ, जैनू. आत पोकळ हाय. आमच्या दादाच्या डोस्क्यावानी."

मी बोटाच्या पेरानं टकटक केलं. वाळलेल्या भोपळ्यासारखा आवाज आला. उचलून बघितली तर तोंडाकडे झुकत होती. लाकूड गेलं तसं पाऊण किलो वजन गेलं होतं, आणि तेही सगळं मागचं.

"आणि लाथ?" मी विचारलं.

"लाथ म्हंजे..." मामांनी खिडकीबाहेर बघितलं. "हाय जरा."

"जरा? परवा हाणली तवा दादा दोन पावलं मागं आला. मला वाटलं, डुकरानंच गोळी घातली."

"गप रं गुंड्या."

त्या वर्षी नदीकाठच्या गावांना डुकरं मारायची परवानगी मिळाली होती. महिन्याचीच. त्यातले पंधरा दिवस उरले होते, आणि कळपानं तीन एकर ऊस लोळवला होता. गावानं कागदावर एकच नाव दिलं होतं, मामांचं.

"शेजारच्या तालुक्यात न्ह्या, असं सगळी म्हनत हुती," मामा म्हणाले. "म्या म्हनलं, आब्बांची पोरगी हाय. तिला जमंल."

मी टेप शोधण्याचं निमित्त करून खाली वाकले.

"मामा, कुठल्या कुशीवर निजता?"

काका खो खो हसायला लागले. "ह्यो? ह्यो उताना निजतो. तोंड उघडं टाकून. माश्या इचारून आत जात्यात."

मामा हसले नाहीत. "उताना," एवढंच म्हणाले.

उताण्याचं काय करायचं ते मला आब्बांनी शिकवलं नव्हतं.

आठ दिवस मी त्या रायफलीशी बोलत होते म्हटलं तरी चालेल. आधी आब्बांसारखी तुळईला दोरीच्या फासात टांगली. दोरी जिथं धरली की बंदूक आडवी राहते, तो तिचा तोल. तो हवा तिथून चार बोटं पुढं होता. मी दस्त्याच्या पोकळीत शिशाचे छर्रे भरले, वर राळ ओतली, म्हणजे खुळखुळणार नाहीत. दोरीवर बंदूक सरळ झाली. मी खूश. खांद्याला लावून वळवली, तर कावडीसारखी. एकदा फिरली की थांबायला तयार नाही. दोन्ही टोकांना वजन आणि मध्ये काही नाही.

त्या संध्याकाळी आब्बांचं बोलणं आठवलं. वजन दोन हातांच्या मध्ये ठेव, जैनू. कडेवरचं मूल जड लागत नाही, लांब धरलेलं लागतं.

सगळं उकरून काढलं. निम्मं शिसं मागं ठेवलं, तेही पुढच्या बाजूला सरकवून. निम्मं नळीखाली, डावा हात येतो तिथं पट्टी करून बसवलं. दस्ता मामांच्या हाताला लांब होता, तो अंगठाभर कापला. नळी प्लॅस्टिकवर नुसती टेकली होती, प्रत्येक बारात जागा सोडत असणार. तिला राळेत घट्ट बसती केली. शेवटी मागं रबराची जाड गादी, तिच्यावर कातडं. गादीचा वरचा कोपरा मी तीनदा घासला, कारण मामांचा खांदा मी बघितला नव्हता. अंदाजानं घासत होते.

नवव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या जुन्या खाणीत गेलो. आमची बार काढून बघायची परवानगी तिथलीच. काकांनी कातळासमोर डबा ठेवला आणि माझ्या मागं येऊन बसले. ऊन कोवळं होतं. काका गुणगुणत होते. त्यांच्या आईची ओवी होती ती. ती माउली दळताना म्हणायची म्हणे.

"हालतो गं ऊस, वारा न्हाई कुठं काई,
राखणीला भाऊ माझा, त्याला हाक देते आई."

"आता गप," मामा म्हणाले. "नेम धरू दे."

"तुला नेम धरायला आईची ओवी नडती व्हय?"

रिवाज असा, की काडतूस मी भरून द्यायचं आणि गिऱ्हाइकानं मारायचं. पहिला बार डब्याच्या मधोमध लागला. मामांनी खांदा हलवून बघितला.

"लाथ मऊ झाली, पोरी. ढकलल्यावानी लागतंय. आदी हातोडा बसायचा."

दुसरा बार डब्याच्या खालच्या कडेला लागला. डबा उडून पडला. काका जाऊन उभा करून आले.

तिसरं काडतूस मी पाठमोरी होऊन भरलं. ते खोटं होतं. आत दारू नाही, नुसतं टरफल आणि गोळी. आब्बांनी बनवलेलं, बुडाला कानशीची बारीक खूण. अंगठ्यानंतरची आब्बांची ही दुसरी परीक्षा. माणसाला वाटतं बार होणार, आणि नुसतं टिक होतं. खांद्याला भ्यालेला माणूस धक्का बसायच्या आधीच आवळतो आणि नळी खाली जाते. बार झाला तर ते दिसत नाही, धुरात आणि झटक्यात झाकून जातं. टिक झालं की उघडं पडतं. आब्बांचा नियम होता, नळी खाली गेली तर बंदूक दुकानात ठेवून घ्यायची. खांदा आणि मन बरं होईपर्यंत द्यायची नाही. माझ्यादेखत तिघांच्या ठेवल्या होत्या. त्यातला एक फौजेतून आलेला होता. पायरीवर बसून रडला होता तो, आणि आब्बांनी त्याला चहा पाजला होता, पण बंदूक दिली नव्हती.

मामांनी नेम धरला. चाप ओढला.

टिक.

नळी खाली गेली. आणि मामांचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

कुठंतरी होला घुमत होता. काका मागं डब्याचं झाकण पुसत होते, त्यांनी काही बघितलं नाही. मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, आब्बांचेच, जसेच्या तसे: बंदूक राहू दे इथं थोडे दिवस.

मामा वळले.

"झकास, पोरी," ते म्हणाले. "आब्बांचा हात उतरलाय तुझ्या हातात. सांगतो मी सगळ्यांस्नी."

चौदा महिन्यांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी हसले.

"काडतूस सर्दाळलं असेल," मी म्हणाले.

"आसंल," मामा म्हणाले.

जाताना काकांनी बंदूक खांद्यावर घेतली आणि ओढ्यात उतरता उतरता पुन्हा ती ओवी धरली. मी खाणीतच उभी होते. खोटं काडतूस मुठीत होतं, तळहाताला खूण उमटेपर्यंत.

पाचव्या दिवशी सकाळी एसटीच्या ड्रायव्हरनं बातमी आणली. उसाच्या फडातून एकुलगा, म्हणजे कळप सोडून एकटा फिरणारा मोठा डुक्कर, बाहेर आला. मामांना तो वीस पावलांवर मिळाला. ह्या अंतरावर मामा चुकले, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. गोळी खाली गेली. पुढचा पाय मोडला. जनावर पुढं पळालं नाही, माघारी फिरलं, उसात. आणि उसात गुंडूकाका डबा वाजवत येत होते.

काकांची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली.

दुपारी दहा-बारा माणसं दुकानापुढं आली. मी आत होते, शिकंज्याला धरून.

"बाईच्या हातात हत्यार दिल्यावर आनि काय व्हनार?"

"दस्ता कापला म्हनं तिनं. वजन भरलं म्हनं. तोलच घालवला बंदुकीचा."

"परवाना काढून घ्या तिचा. अर्ज द्या."

एक दगड फळीवर आदळला. मग आवाज एकदम थांबले. मी फटीतून बघितलं. मामा आले होते. धोतरावर काकांचं रक्त वाळून काळं झालं होतं. रायफल हातात होती. पायरीवर चढून ते माणसांकडे तोंड करून उभे राहिले, माझ्याकडे पाठ.

"बंदूक चोख हाय," ते म्हणाले. "आब्बांनी केली नसती आशी केलीया पोरीनं. हात माझा चुकला. कुनाला काय बोलायचं आसंल तर मला बोला."

मामांपुढं कोण बोलणार? हळूहळू पांगले.

दाराला कडी आतून होती. कडी काढून एक पाऊल बाहेर टाकलं असतं, की झालं असतं. सगळे अजून ऐकू येईल इतक्या अंतरावर होते. मी कडीवर हात ठेवलासुद्धा. गार होती. मग मामांच्या वहाणांचा आवाज पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतर माझं दुकान चाललं. मामांनी शब्द टाकला म्हणून चाललं. घाटाखालूनही लोक येऊ लागले. प्लॅस्टिकच्या दस्त्यांचा तोल काढावा तर शिकलगारणीनं, असं नाव झालं. प्रत्येकाला मी खाणीत नेलं, प्रत्येकाला ते खोटं काडतूस दिलं, आणि ज्याची नळी खाली गेली त्याची बंदूक ठेवून घेतली. भांडले, शिव्या दिल्या, एकानं टेबल उलटं केलं. मी दिली नाही.

मामांनी पुन्हा बार काढला नाही. गुंडूकाका काठी टेकत बाजाराच्या दिवशी यायचे, माझ्या बाकावर बसून चहा प्यायचे.

"तुझ्या गादीचं काम झ्याक, जैनू," एकदा म्हणाले. "दादाचा खांदा वाचला. मांडीला काय ती पुरली न्हाई."

स्वतःच हसले. मी चहात साखर ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

"आगं, हास की. इनोद हाय."

एकदा मी विचारलं होतं, "काका, ती ओवी म्हणा ना."

"कुटली?"

"उसाची."

"इसरली," ते म्हणाले, आणि बाहेर बाजाराकडे बघत बसले.

अकरा वर्षं अशी गेली. गेल्या दिवाळीत काका दम्यानं गेले. मार्गशीर्षात मामा आले. एकटेच. पायरी चढताना दोनदा थांबले. टेबलावर गोणपाट ठेवलं, ह्या वेळेसही डाव्या हातानं. सोडलं तर तीच रायफल. गादीवरचं कातडं कडक होऊन उचकटलं होतं.

"पोरगं गावी आलंय कायमचं," मामा म्हणाले. "परवाना त्याच्या नावावर चढला. डुकरं हैतच. उद्या यील तुझ्याकडं. खांद्याच्या मापानं करून दे."

"देते, मामा."

"आनि त्याला ते दे."

"काय?"

"ते खोटं काडतूस. आब्बांचं. हाय न्हवं अजून?"

मी खण उघडला. काडतूस काढलं. बोटांनी झिजून पितळ गुळगुळीत झालं होतं, बुडाची खूण तेवढी शाबूत होती. मामांनी ते घेतलं, उन्हाकडं धरून बघितलं आणि टेबलावर उभं ठेवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"टिक झालं तवाच. आब्बांनी मलाबी दिलं हुतं की, माझी मिशी काळी हुती तवा. त्या वक्ताला नळी हालली न्हवती. आब्बांनी पाठ थोपटली हुती माझी." ते बाकावर बसले, काका बसायचे तिथंच. "तुझ्या वक्ताला हालली. माझी मलाच दिसली."

मी उभीच होते.

"त्याच्या आदल्या साली उसाच्या ट्रॉलीवरनं पडलो हुतो. हाड मोडलं. वैदूनं बसवलं, वाकडं. दुखायचं राह्यलं, पर भ्याव ऱ्हायलं. चापावर बोट गेलं की डोळं आपसूक मिटायचं. कुनाला सांगिटलं न्हाई. गुंड्यालाबी न्हाई. गाव दुसऱ्याचं नाव दील, म्हनून." त्यांनी खांद्यावरून हात फिरवला. "तू कूस इचारलीस तवा गुंड्याच्या इनोदाला धरून म्या उताना म्हनालो. डाव्या कुशीवर निजायचो मी."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"खानीत टिक झालं, आनि म्या घाईनं तुझी वाहवा केली. तू काय बोलायच्या आत. आब्बांचा हात उतरलाय, आसं. तू हासलीस. मग म्या मनाशी धरलं, पोरगी नवी हाय, तिला काय दिसलं न्हाई. म्हंजे जे काय घडलं ते माझ्या एकट्याचं. तुझ्याकडं बोट दाखवनाऱ्या मान्सांस्नी तेच सांगिटलं म्या. खोटं न्हाई सांगिटलं."

ते उठले. रायफल माझ्याकडं सरकवली.

"आता तुझी नजर मुरलीया. पोराच्या वक्ताला नीट बघ. नळी खाली गेली तर बंदूक दिऊ नगंस. माझं पोरगं म्हनून गप बसू नगंस. तवा तुला दिसलं न्हाई, ते जाऊ दे. त्यात तुझा काय दोष?"

ते पायरीकडे वळले होते. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. उद्या त्यांचा मुलगा आला असता, मी नीट बघितलं असतं, आणि म्हातारा आपलं ओझं एकट्याचं समजून घेऊन गेला असता.

"मामा."

ते थांबले. एक पाय खालच्या पायरीवर होता.

"तेव्हाही दिसलं होतं," मी म्हणाले. "नळी चार बोटं खाली गेली होती. डोळे मिटलेलेही दिसले होते."